जुन्या घराला नवा खण



अहमदाबादला साबरमतीच्या काठी गांधीजींचं घर आहे, हृदयकुंज. पालिताणा, गिरनारच्या यात्रेला जाताना तुमच्यापैकी बऱ्याच जणी तिथे थांबल्या असतील. घर पाहिलं असेल, चरखा पाहिला असेल, ओसरीवर बसून फोटोही काढला असेल. पण त्या घराच्या शेजारी एक दुसरी इमारत आहे. विटांचे खांब, उतरती कौलं, मधे पाण्याचं कुंड. आपण तिच्यातून चालत जातो, गांधीजींची छायाचित्रं आणि पत्रं बघतो, आणि बाहेर आल्यावर इमारत कशी होती ते आठवतही नाही. हृदयकुंज मात्र लख्ख आठवतं. माझ्या मते त्या इमारतीला याहून मोठी शाबासकी नाही.

हा लेख त्या इमारतीवर आहे. थोडा आमच्या घरावरही आहे, कारण गेलं वर्षभर आमच्या घरात याच विषयावर खल चालला आहे: जुन्या घराला नवी खोली जोडायची तर कशी?

आमचं घर सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला एका चौकाचा वाडा. पुढे सोपा, मग चौक, माजघर, मागे स्वयंपाकघर, त्यामागे परडं आणि परड्यात आड. भिंती मातीच्या, हातभर जाड. खांब सागवानी, दगडी तळखड्यांवर उभे. सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. आता माडीचा जिना बंद, आणि न्हाणीघर परड्याच्या पार टोकाला. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून त्यांना धरून नेताना माझाच जीव मुठीत असतो. त्यांना खाली एक खोली हवी आणि खोलीला लागून न्हाणीघर व संडास हवा. यावर घरात कुणाचं दुमत नाही. पुढे मात्र तीन तोंडं तीन दिशांना. इंजिनिअर म्हणाले, मागचा अर्धा वाडा पाडा, स्लॅब टाका, वर दोन खोल्या फुकटात मिळतील. (फुकटात हा शब्द इंजिनिअरच्या तोंडी आला की मी पदर खोचून बसते.) पुतण्याला हवा ‘हेरिटेज लूक’, म्हणजे सिमेंटची खोली आणि तिच्यापुढे फायबरचे नक्षीदार खांब. दिरांचं म्हणणं, विकून टाका आणि फ्लॅट घ्या.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. लग्नाआधी शाळेत इतिहासच शिकवत होते. म्हणून म्हटलं, ज्याच्यावर याहून शंभरपट अवघड वेळ आली होती त्याने काय केलं ते आधी बघू.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. आफ्रिकेतून परत आल्यावर गांधीजींनी 25 मे 1915 रोजी अहमदाबादजवळ कोचरब इथे आश्रम काढला तो जीवनलाल देसाई या बॅरिस्टरांच्या बंगल्यात. थोड्याच दिवसांत त्यांनी दूदाभाई, दानीबहेन आणि त्यांची लहान लक्ष्मी या अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबाला आश्रमात घेतलं आणि देणग्या आटल्या. खर्चाला पैसे उरले नाहीत. तेव्हा एक शेठ मोटारीतून आले, फाटकाशी उभे राहूनच 13,000 रुपये हातात ठेवले आणि निघून गेले. आत्मकथेत गांधीजींनी नाव दिलेलं नाही, पण ते अंबालाल साराभाई, अहमदाबादचे जैन गिरणीमालक, हे आज सर्वांना माहीत आहे. आपल्या लेकीसुनांना ही गोष्ट सांगायला हवी. दान कसं द्यावं हे तर त्यात आहेच, पण कोणत्या वेळी द्यावं हेही आहे.

1917 मध्ये कोचरबला प्लेग आला आणि आश्रम साबरमतीच्या काठी हलला. एका अंगाला तुरुंग, जवळ स्मशान, अशी ती जागा. जमिनीवर ना एक इमारत, ना एक झाड. चाळीसच्या वर माणसं, बायकामुलांसकट, तंबूत राहत होती आणि स्वयंपाक एका पत्र्याच्या शेडमध्ये होत होता. भर पावसाळ्यात एवढ्यांचा स्वयंपाक पत्र्याखाली! इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं, पण चूल पेटवणाऱ्या बाईला ती ओळ वाचल्यावर पुढे सरकता येत नाही. शिवाय जागेवर साप फार. तरीही साप मारायचा नाही हा नियम होता. आश्रमाची जी एकादश व्रतं, त्यांतली सत्य, अहिंसा, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह ही पाच तर आपली अणुव्रतंच. गांधीजी 1891 मध्ये विलायतेहून मुंबईला उतरले तेव्हा त्यांची श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली आणि ती ओळख आयुष्यभर पुरली. तेव्हा या घराशी आपलं नातं नुसत्या यात्रेकरूचं नाही.

त्या ओसाड जमिनीवर मग एकेक घर उभं राहिलं. त्यातलं एक हृदयकुंज. साधं, बैठं, कौलारू. पुढे रुंद ओसरी, गांधीजींची खोली, बांची खोली, स्वयंपाकघर, पाहुण्यांची खोली, लेखनिकांची खोली. एवढंच. 12 मार्च 1930 रोजी 78 जणांना बरोबर घेऊन गांधीजी इथूनच दांडीला निघाले आणि स्वराज्य मिळाल्याशिवाय इथे राहायला येणार नाही असं म्हणून गेले. ते राहायला पुन्हा आलेच नाहीत.

आता कोरियांची अडचण बघा. चार्ल्स कोरिया मूळचे गोव्याच्या कुटुंबातले, जन्म 1930 मध्ये सिकंदराबादचा, काम मुंबईत. संग्रहालयाचं काम 1958 च्या सुमारास त्यांच्याकडे आलं तेव्हा ते जेमतेम 28 वर्षांचे होते. स्वतंत्र व्यवसाय नुकताच सुरू केलेला. आपल्याला साध्या लग्नाच्या हॉलची सजावट करायची असली तरी नाव व्हावं असं वाटतं, आणि इथे तर राष्ट्रपित्याचं स्मारक. त्या काळात स्मारक म्हटलं की उंच खांब, घुमट, संगमरवर अशीच समजूत होती. एका तरुण वास्तुकाराला नाव काढायला याहून मोठी संधी कोणती? पण उंच काही बांधलं की शेजारचं हृदयकुंज बुटकं दिसणार. आणि हृदयकुंजची हुबेहूब नक्कल केली, तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या माणसाला कळणार नाही की गांधीजी नेमके कुठे राहिले आणि कुठे नाही राहिले. मला विचाराल तर ही दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट. पहिलीत नुसता अहंकार आहे, दुसरीत खोटं आहे.

त्यांनी एक चौरस ठरवला. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ वीस फूट. चार कोपऱ्यांना विटांचे खांब, वर चारी बाजूंनी उतरतं कौलारू छप्पर. असे 51 चौरस त्यांनी एकमेकांना जोडत नेले. सरळ रांगेत नव्हे. एक पुढे, एक मागे, मधेच एक रिकामा, जशी जुन्या गावातली घरं एकमेकांना खेटून पण वाकडीतिकडी वाढतात तशी. काही चौरस भिंतींनी बंद केले, त्यांत पत्रं, पुस्तकं, छायाचित्रं ठेवली. काही नुसतेच छपराखाली उघडे. मधल्या काहींवर छप्परच नाही, तिथे पाण्याचं कुंड. खिडक्यांना काच कुठेही नाही, लाकडी झडपा आहेत. जमीन दगडी, दारं लाकडी. 10 मे 1963 रोजी पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं.

आपल्या वाड्यांची मोजणी आठवते का? आपण चौरस फूट म्हणत नव्हतो, खण म्हणत होतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. पाच खणी सोपा, तीन खणी माजघर. वडीलधारी माणसं घराची लांबी नाही, खण सांगायची. सुताराला खण सांगितला की तुळईची लांबी, कड्यांची संख्या, वरची किलचण, सगळं ठरून जायचं. घर वाढवायचं तर काय करायचं? आणखी दोन खण. मुलाचं लग्न झालं, घाला दोन खण. भाऊ वेगळे झाले, घाला मधे एक भिंत आणि मागे तीन खण. वाडे असेच वाढले. म्हणून शंभर वर्षांत चार पिढ्यांनी हात लावलेला वाडासुद्धा एकाच हातचा वाटतो. माप एकच, माणसं वेगळी. कोरियांनी खण हा शब्द वापरला असेल असं मला वाटत नाही, पण त्यांचा वीस फुटी चौरस म्हणजे शुद्ध खणच आहे. मला तर कागदावर तो नकाशा बघताना आमच्या घरातल्या खणाळ्याची आठवण झाली, कापड तेच, एकामागून एक खण उलगडत जाणारं.

त्यांची सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मात्र वर आहे, छपराच्या सांध्यात. दोन उतरती छपरं जिथे खाली येऊन भेटतात तिथे सगळं पाणी गोळा होतं. घर गळतं ते तिथेच, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे तिथे पत्र्याची पन्हळ बसवतात आणि दर वर्षी मृगाआधी तिच्यातला पाला काढतात. कोरियांनी तिथे काँक्रीटची, वरून उघडी, नालीच्या आकाराची तुळई टाकली. तीच छप्पर पेलते आणि तीच पावसाचं पाणी वाहून नेते. शिवाय पुढे कधी जागा कमी पडली तर त्याच तुळईला टेकवून आणखी चौरस जोडता यावेत अशी सोय ठेवली. आणि ती तुळई लपवलेली नाही. विटांवर गिलावा नाही, काँक्रीटवर लाकडाचा रंग नाही. हृदयकुंजकडून कौलांचा उतार, बैठी उंची, सावली आणि लाकूड घेतलं. वीट आणि काँक्रीट मात्र आपल्या काळाचं आहे तसंच उघडं ठेवलं. सासूकडून रीत घ्यावी, पण तिचं वय घेऊ नये, तसं.

पुढल्याच वर्षी, 1964 मध्ये, जगभरच्या वास्तुजतन करणाऱ्यांनी व्हेनिसला जमून एक सनद तयार केली. तिच्यात असं म्हटलं आहे की जुन्या वास्तूत भर घालावी लागलीच तर ती नवी म्हणून ओळखू यावी, आणि तिने जुन्याचा तोल, परिसर आणि महत्त्वाचे भाग बिघडवू नयेत. कोरियांनी ते आधीच करून दाखवलं होतं.

इथे मला आपल्या मंदिरांबद्दल थोडं बोलायचं आहे. विषयांतर वाटेल, पण नाही. नवं मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धारात आठपट पुण्य, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण आजकाल जीर्णोद्धाराचा बोर्ड लागला की माझ्या पोटात गोळा येतो. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ इतकाच असतो, की जुनं लाकडी सभामंडपाचं बस्ती-मंदिर उतरवायचं आणि मकराण्याचा पांढरा संगमरवर चढवायचा. पुण्य आठपट, पण जीर्ण जे होतं ते राहिलंच कुठे उद्धाराला? याच्या उलट उदाहरणही आपल्याच समाजात आहे. कस्तुरभाई लालभाई आणंदजी कल्याणजी पेढीचे प्रमुख असताना राणकपूर, दिलवाडा, शत्रुंजय इथली कामं झाली. दिलवाड्याला जुन्या कोरीव कामाशी जुळणारा दगड शोधून सोमपुरा कारागिरांकडून तुटलेले भाग करून घेतले. शत्रुंजयावर आदिनाथांच्या मुख्य मंदिराभोवती शतकानुशतकं भक्तांनी भावनेपोटी इतक्या देवळ्या जोडल्या होत्या, की मूळ भिंतींवरचं शिल्प झाकून गेलं होतं. त्या नंतरच्या देवळ्या उतरवल्या, त्यांतल्या प्रतिमा नव्या टुंकेत विधिपूर्वक बसवल्या, आणि मूळ मंदिर पुन्हा दिसू लागलं. प्रत्येक देवळी कुणाच्या तरी श्रद्धेची होती. एकीनेही मंदिराचं वाईट चिंतलं नव्हतं. तरी सगळ्यांनी मिळून त्याला झाकलं.

पुतण्याला मी हेच सांगितलं. फायबरचे खांब वाड्यापुढे लावणं म्हणजे वाड्याचं कौतुक वाटेल, पण आमच्या खऱ्या खांबांवरची केळफुलाची नक्षी त्याने उद्या खोटी वाटायला लागेल. बघणारा म्हणेल, हेही फायबरच असेल.

आता सेवाग्राम. आपल्या वर्ध्याचं. साबरमतीपेक्षा मला हे जास्त जवळचं वाटतं, कारण इथे वास्तुकार कुणीच नव्हता. गरज पडेल तसं घर वाढलं. गांधीजी 1936 मध्ये शेगाव या खेड्यात राहायला आले (सेवाग्राम हे नाव 1940 मध्ये पडलं). अट अशी की घर आसपास मिळणाऱ्या मातीचं, बांबूचं, गावातल्या कारागिरांकडून आणि कमीत कमी खर्चात. पहिलं घर झालं ते आदिनिवास. त्यात एक मोठी खोली, आणि त्या खोलीत सगळेच. गांधीजी, बा, सहकारी, येणारे जाणारे पाहुणे. देशाच्या इतिहासात ते फार उदात्त दिसतं. पण त्या एका खोलीत बांनी कुठे लुगडं बदलायचं, कुठे पाठ टेकायची? एवढ्या पुरुषमाणसांत त्यांची अडचण होत होती. ही गोष्ट जमनालाल बजाजांच्या ध्यानात आली आणि त्यांनी गांधीजींच्या संमतीने बांसाठी शेजारीच एक वेगळी कुटी बांधून दिली. ती बा-कुटी. आजही आहे. तशीच माती, तसंच छप्पर, आदिनिवासापासून हाकेच्या अंतरावर, पण दार आपलं, कडी आपली.

बापू-कुटी म्हणून आपण जी बघतो ती तर मुळात मीराबेनची झोपडी. गांधीजी तिच्यात राहायला आले तेव्हा ती त्यांच्या गरजेपुरती वाढवली. न्हाणीची सोय, आजाऱ्यांची शुश्रूषा करायला जागा, असं करत करत. मीराबेननी मातीच्या भिंतीवर उठावात काढलेली ताडाची झाडं आणि चरखा त्या वाढीत गेले नाहीत. मोठं घर बांधायला पैसे मिळाले नसते असं नाही, जमनालालजी तयारच होते. पण रोज नवी गरज आली की नवी खोली हवीच का, हा प्रश्न तिथे आधी विचारला जायचा. अपरिग्रहाचं व्रत आपण दागिन्यांपुरतं आणि कपाटातल्या साड्यांपुरतं मोजतो. चौरस फुटांना ते लागू आहे हे मला सेवाग्रामला उमगलं. सासूबाईंना खोली एक हवी आहे. इंजिनिअरच्या नकाशात वर दोन खोल्या जास्त आहेत, आणि त्या कुणासाठी हे त्यालाही सांगता आलं नाही.

तर मग आमच्या वाड्याचं काय ठरलं, ते सांगते. तुमच्यापैकी कुणी अशाच पेचात असेल तर उपयोगी पडेल.

खोलीची सोयीची जागा म्हणजे स्वयंपाकघराच्या मागे, पूर्वेला. इंजिनिअरने तीच धरली होती. मी ती खोडून टाकली. आमच्या स्वयंपाकघराला एकच मोठी खिडकी, पूर्वेची. सकाळी नऊ-दहाला ऊन थेट ओट्यावर येतं. गावात महाराज आले की आमच्याकडे चौका लागतो. पडगाहन करून मुनींना आत आणायचं, आणि आहार उभ्याने, करपात्रात. घास देण्याआधी अन्न शोधायचं ते सूर्याच्या उजेडात. ती खिडकी बुजली तर भरदिवसा बल्ब लावून काय शोधणार? आणि मुनींचं सोडा, संध्याकाळचं जेवण आपण दिवस असताना उरकतो, तेव्हा स्वयंपाकघरातला उजेड म्हणजे आपल्या घरचं घड्याळ. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात काय लिहिलंय मला ठाऊक नाही, पण जैन घराच्या स्वयंपाकघराचा उजेड कुणाच्याही खोलीसाठी जाऊ नये एवढं मला ठाऊक आहे.

दुसरं, आड. पाणी गाळल्यावर गाळणीतली जिवाणी आम्ही अजून आडातच सोडतो. सासूबाईंनी लग्नापासून ते चुकवलेलं नाही. तेव्हा स्वयंपाकघर ते आड ही वाट मोकळी राहायला हवी, आणि संडासाची टाकी आडापासून होता होईल तितकी लांब, उताराच्या बाजूला.

उरली दक्षिणेची बाजू. तिथे परड्यात दोन खणांची जागा आहे. गावातल्या जुन्या सुताराला बोलावून आम्ही सोप्याचा खण मोजला आणि तेच माप नव्या खोलीला धरलं. नवी भिंत जुन्या भिंतीला चिकटवायची नाही. हे मला एका निवृत्त ओव्हरसिअरनी समजावलं: जुनी भिंत शंभर वर्षांत बसायची तेवढी बसली आहे, नवी अजून बसायची आहे. दोघींना बांधून टाकलं तर नवी खाली बसताना जुनीला चीर पाडते. शिवाय नवा पाया जुन्या पायाला खेटून खणला तर जुन्याखालची माती सुटते. म्हणून मधे चार फुटांची छपराची बोळ. यात सासूबाईंचाही जीव निवला. स्वयंपाकघराला आणि देव्हाऱ्याला लागून संडास म्हणताच त्या म्हणाल्या होत्या, “मला मरेपर्यंत परड्यात चालव, पण हे नको.” शुद्धीसाठी अंतर हवं आणि भिंतीसाठीही अंतर हवं, चार फुटांत दोन्ही भागलं.

वाड्याची एकही भिंत फोडायची नाही. माजघराचं परसदार आहे तेच बोळीत उघडेल. नव्या खोलीची जमीन माजघराच्या जमिनीला एकसारखी, मधे पायरी नाही, उंबरा नाही. उंबरा नसलेल्या दारावरून बरंच बोलणं झालं, पण वॉकर उंबरा ओलांडत नाही, यापुढे कुणाचं चाललं नाही. कौलं वाड्यासारखीच, पण नव्या छपराची आढी जुन्या वळचणीच्या खाली राहील, म्हणजे चौकातून बघितलं तर वाडाच दिसेल. भिंती भाजक्या विटांच्या, आतून गिलावा, बाहेरून उघड्या. मातीचं सोंग नाही. दोन छपरांमधल्या सांध्याला रुंद पन्हळ, हात घालून साफ करता येईल एवढी.

आणि जुन्या वाड्याच्या ज्या भिंतीला ओल आली आहे तिला सिमेंटचा गिलावा लावायचा नाही, यावर मी अडून बसले. मातीची भिंत श्वास घेते. बाहेरून सिमेंटने तोंड दाबलं की ओल आतच राहते आणि चार पावसाळ्यांत भिंत आतून भुसभुशीत होते. शेजारच्या गल्लीत असे दोन वाडे बघितले आहेत. चुन्याचाच गिलावा हवा. घाणीत चुना मळणारी माणसं आता उरली नाहीत, पण भिजवून मुरवलेला चुना मिळतो आणि एक वयस्कर गवंडी तयार झाला आहे. त्याचा मुलगा हाताखाली असेल तरच काम देईन, अशी मी अट घातली. तेवढंच पोरगं शिकेल.

कोरियांबद्दल एक सांगायचं राहिलं. साबरमतीनंतर वीसेक वर्षांनी त्यांनी नवी मुंबईत बेलापूरला बैठी घरं बांधली, आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात ते. प्रत्येक घर आपल्या जमिनीच्या तुकड्यावर सुटं, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने वाढवावं. लोकांनी वाढवलंच. इतकं की मूळची बरीच घरं आता ओळखू येत नाहीत, काही तर पाडून तिथे तीन मजले उभे आहेत. काही जण याला कोरियांचं अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. ती राहती घरं आहेत, आणि राहत्या घरात सुना येतात, नातवंडं होतात, म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात. हृदयकुंजला तसंच्या तसं ठेवता आलं, कारण तिथे आता कुणी राहत नाही. आमच्या वाड्यात आम्ही सात जण राहतो.

साबरमतीलाही आता पुन्हा बांधकाम निघालं आहे. मार्च 2024 मध्ये तिथल्या मोठ्या विस्ताराच्या आराखड्याचं अनावरण झालं. पाच एकरांचा आश्रम पंचावन्न एकरांवर नेण्याची ही योजना, खर्च 1,200 कोटींच्या घरात. बाजूने बोलणारे म्हणतात, आश्रमाच्या जुन्या इमारती आजूबाजूच्या गर्दीत हरवल्या होत्या, त्या परत एकत्र येतील. विरोधात बोलणारे म्हणतात, त्या घराचा साधेपणाच हरवेल. मी दोघांचंही ऐकते आहे. पुढच्या वेळी गेले की आधी एकच गोष्ट बघणार: हृदयकुंजच्या ओसरीवर बसून समोर काय दिसतं.

आमच्याकडे चातुर्मास संपेपर्यंत कुदळ लावायची नाही असं ठरलं आहे, ओल्या मातीत जीव फार असतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर पायाखोदाई. तोवर विटा आणि लाकूड आणून ठेवायचं. गावात एक जुना वाडा उतरवताहेत, तिथली हजारभर मंगलोरी कौलं शाबूत आहेत, त्यांचा सौदा चालू आहे. सासूबाईंनी त्यांच्या खोलीच्या खिडकीची उंची स्वतः सांगितली आहे: पलंगावर पडल्या पडल्या आड दिसायला हवा, कोण जिवाणी सोडतं आणि कोण सोडत नाही ते कळायला.